जुन्या टेकडाउन .22 ला दुर्बीण: माउंट नळीवर की रिसिव्हरवर?

टेकडाउन म्हणजे दोन तुकड्यांत सुटणारी रायफल. माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारा भाग, विकत घेण्याआधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, ती सोडवून टेबलावर ठेवा आणि नळी कुठल्या तुकड्यासोबत राहते ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. दुर्बीण ज्या तुकड्यावर बसते त्यातच नळी पक्की असेल, तर रायफल कितीही वेळा सोडवली तरी झिरो, म्हणजे दुर्बीण आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, फारसा हलत नाही.

विंचेस्टर 61 आणि 63, मार्लिन 39ए या रायफलींत सुटतो तो दस्ता; नळी आणि रिसिव्हरचा (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या पेटीचा) वरचा भाग एकत्रच राहतात. त्यामुळे सरळ रिसिव्हरवरचा माउंट घ्या, नळीवर बसवायचा विचारही नको. मात्र 61 आणि 63 मध्ये रिसिव्हरवर डोव्हटेलची, म्हणजे माउंट पकडायची, खाच फक्त उशिराच्या रायफलींवर मिळते. मार्लिनला बाहेर हॅमर आहे. दुर्बीण आली की अंगठा पोचत नाही, म्हणून हॅमरला बाजूने लावायचा स्पर (अंगठ्यासाठीचा जोडखिळा) वेगळा घ्यावा लागतो. विंचेस्टर 62 ची पुंगळी वरून बाहेर पडते. या रायफलीच्या डोक्यावर दुर्बीण बसवायचा हट्ट सोडलेला बरा.

खरा पेच ब्राउनिंगच्या सेमी-ऑटोचा. बेल्जियमच्या एफएनने ती 1914 पासून बनवली. रेमिंग्टनचं मॉडेल 24 (1922) आणि 241 (1935 ते 1951) त्याच आराखड्यावरची. इथे नळीच पाव फेरा फिरवून रिसिव्हरमधून निघते. पुंगळ्या खालून पडतात, वरची बाजू बंद, त्यामुळे दुर्बिणीला जागा छान दिसते. मोह होतो तो तिथेच.

रिसिव्हरवर खाच असेल तर दुर्बीण धरणाऱ्या टिप-ऑफ रिंगा त्या खाचेला चिमटून बसतात. स्वस्त, ठेंगण्या, एकही भोक नको, आणि गाल दस्त्यावर नीट टेकतो, कारण या दस्त्यांचा उतार साध्या लोखंडी साइटसाठी काढलेला असतो. पण नळी-रिसिव्हरच्या सांध्यात जी ढिलाई असेल ती सगळी थेट निशाण्यावर उतरते. साधारण 49 सेंटिमीटरच्या नळीचं तोंड अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झालं, तर 50 मीटरवर गोळी सुमारे 5 सेंटिमीटर सरकते. जुन्या रायफलीचे आटे झिजलेले असतात. नळीवर खाचांची ॲडजस्टिंग रिंग असते. जोडलेली नळी हाताने हलवून पाहा, खटखट जाणवली तर रिंग एकेक खाच फिरवत घट्ट करा. हाताच्या जोराने पूर्ण बसेल इतपतच, पान्हा लावू नका.

नळीवरचा कँटिलिव्हर बेस नळीच्या मागच्या टोकाला स्क्रूने बसतो आणि रिसिव्हरवर अधांतरी मागे येतो. दुर्बीण नळीसोबतच निघते, म्हणून झिरो टिकतो. त्याची किंमत अशी: दुर्बीण उंच जाते, गाल उचलावा लागतो, आणि सोडवलेला नळीचा तुकडा एवढा जाड होतो की छोट्या पेटीची मजा जाते. बसवताना सगळ्यात जास्त चुकते ती गोष्ट म्हणजे बेस आणि रिसिव्हरमधली फट. जाड कागदाची पट्टी तिथून अडखळता न जाता सरकली पाहिजे. बेस रिसिव्हरला टेकला, तर दर जोडणीला तो थोडा वर ढकलला जातो आणि नळीवरच्या माउंटचा फायदाच संपतो. मागची साइट पूर्ण खाली पडते का, तेही आधी बघा.

आमचं मत: नळीवर कारखान्यातली भोकं असतील तर कँटिलिव्हर. नसतील आणि खाच असेल तर टिप-ऑफ, मात्र सांधा घट्ट हवा. दोन्ही नसेल तर लोखंडी साइटच ठेवा. जुन्या बेल्जियन नळीला भोक पाडून आटे मारले की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत घसरते. शिवाय हे काम कोपऱ्यावरच्या लेथवाल्याचं नाही. शस्त्रकायद्याने ते परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं.

मापं जुळवून घ्या. अमेरिकन टिप-ऑफ खाच 9.5 मिलिमीटरची, युरोपीय 11 ची. 11 ची रिंग 9.5 वर ओढूनताणून बसते आणि तिरकी होते. दुर्बिणीची नळी बहुधा 25.4 मिलिमीटरची असते, पण जुन्या .22 च्या दुर्बिणी 19 च्याही मिळतात. 4x32 (चार पट मोठं दाखवणारी, 32 मिलिमीटर भिंगाची) सारखी हलकी आणि पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की निशाणा सरकल्यासारखा दिसणं, 50 मीटरच्या आसपास जुळवलेली घ्या. रिंगांचे स्क्रू सुमारे 2 न्यूटन-मीटर, आळीपाळीने. बेसच्या स्क्रूंना तेल पुसून निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब.

गोव्यासारख्या किनारी भागात आणखी एक शत्रू आहे. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल बेसखाली जाऊन बसते, आणि गंज तिथेच धरतो, वरून दिसतही नाही. ॲल्युमिनियमचा बेस पोलादावर असेल तर आणखी लवकर. बसवण्याआधी बेसखाली ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि पावसाळा संपला की एकदा बेस काढून बघा. टिप-ऑफला हे दोन मिनिटांचं काम, पण दोन्हीकडे पुन्हा झिरो करण्याची तयारी ठेवा. फोमच्या पेटीत दुर्बीण महिनोन्महिने ठेवली तर भिंगावर बुरशी येते. कपाटात सिलिका जेलसोबत उघडी ठेवा.

निवडणुकीत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर दुर्बीण आधी काढून घरी ठेवा. तिथे रायफली एकमेकींना टेकून उभ्या असतात. परत आणल्यावर रेंजवर 25 मीटरवरून पाच गोळ्या झाडा, रायफल सोडवून जोडा, पुन्हा पाच, असं तीनदा करा. तिन्ही गटांचे मध्य एकमेकांपासून एका सेंटिमीटरच्या आत पडले तर माउंट ठीक. त्यापेक्षा जास्त फरक पडला तर दुर्बिणीची बटणं फिरवत बसू नका, आधी ॲडजस्टिंग रिंग तपासा.