गाडीतल्या रेडिओची खरखर घालवणारे फिल्टर किट : सहा महिन्यांच्या वापरानंतर

हौशी रेडिओचा १४५ मेगाहर्ट्झवरचा ५० वॅटचा ट्रान्सीव्हर (बोलणे पाठवणारा आणि ऐकवणारा संच) गाडीत बसवला, त्या दिवसापासून खरखर माझ्या मागे लागली होती. पुण्यात, जवळच्या माणसाशी बोलताना ती फारशी जाणवत नसे. परंतु भोरच्या पुढे वरंधा घाटाकडे निघालो, की मुळातच क्षीण असलेल्या आवाजावर इंजिनाबरोबर चढउतार करणारी बारीक शिट्टी आणि टरटर अशी काही कुरघोडी करी, की निम्मे शब्द हरवत. म्हणून हे किट ऑनलाइन मागवले. त्यात पुरवठ्याच्या तारेत जोडायचा २० अँपिअरचा फिल्टर, तारेवर मिटवून बसवायचे, तारेतला गोंगाट अडवणारे सहा फेराइट आणि कल्हई केलेल्या तांब्याची एक विणलेली पट्टी एवढ्या वस्तू येतात.

किट जोडण्याआधी मी अँटेनाची तार काढून पाहिली, आणि हे किट घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हेच करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तार काढताच टरटर थांबली, म्हणजे ती हवेतून अँटेनावाटे येत होती. शिट्टी मात्र तशीच राहिली, म्हणजे ती बॅटरीच्या तारेतून आत शिरत होती. दोन्हींचे उगम निराळे असल्याने एकाच डबीने दोन्ही जातील ही अपेक्षा चुकीची आहे, आणि किटच्या वेष्टनावर मात्र तसेच सुचवले आहे.

शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भारणाऱ्या जनित्राची, होती. त्याच्या तीन फेजांचा प्रवाह डायोडांनी एकदिश केला तरी त्यात बारीक लहरी उरतात. सहा ध्रुवजोड्यांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेरीला अशा ३६ लहरी येतात. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असताना पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे २२५० लहरी होतात, आणि ही नेमकी कानाला टोचणारी पट्टी आहे. इथे किटमधल्या फिल्टरने आपले काम चोख केले. माझ्या स्पीकरमधली शिट्टी गेलीच, शिवाय माझ्या बोलण्यामागे ती समोरच्यालाही ऐकू येत असे, तेही थांबले. प्रसारण करताना संच १० ते १२ अँपिअर ओढतो, तेव्हा फिल्टरच्या दोन टोकांत मला सुमारे ०.२ व्होल्टची घट मिळाली. ती चालण्याजोगी आहे. दहा अँपिअरचा स्वस्त फिल्टर या कामाला घेऊ नये.

माहितीपत्रकात काळी तार जवळच्या कुठल्याही धातूला जोडा असे म्हटले आहे, ते मला अजिबात पटले नाही. मी दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत नेल्या, आणि तांबड्या तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. ज्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे काळी तार त्या टोकाला न जोडता बॅटरीची अर्थ केबल बॉडीला जिथे आवळलेली असते तिथे जोडावी, नाहीतर सेन्सरचे मोजमाप चुकते. एवढी महत्त्वाची गोष्ट पत्रकात नसणे ही मोठी उणीव आहे.

फेराइटांचा अनुभव सर्वांत समाधानाचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खोचला, की कुणी बोलत नसतानाही स्क्वेल्च (संदेश नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) उघडून फसफस सुरू होई. चार्जरची तार फेराइटमधून एकदाच नेली तेव्हा फरक जेमतेम पडला; तीच तार तीन वेळा फिरवून घेतल्यावर फसफस पूर्ण थांबली, कारण वेढे तिप्पट केले की अडथळा जवळजवळ नऊपट होतो. मात्र दोन अर्धुके घट्ट मिटली पाहिजेत. मधे केसाएवढी फट राहिली तरी परिणाम ढासळतो. सहापैकी एकाची प्लॅस्टिकची कडी दुसऱ्याच आठवड्यात तुटली. फेराइट कोणत्या मिश्रणाचे आहे हेही कुठे छापलेले नाही. १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ४३ क्रमांकाचे मिश्रण योग्य, आणि खाली शॉर्टवेव्हवरही काम करायचे असेल तर ३१ क्रमांकाचे. विक्रेत्याला मी दोनदा विचारले, उत्तर आले नाही.

टरटर इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या ठिणगीची होती. विणलेली पट्टी बोनेट आणि बॉडी यांच्यामध्ये, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळली, त्यावर गंज लागू नये म्हणून व्हॅसलीन लावले, आणि टरटर थोडी उतरली. खरे कारण निराळेच निघाले. प्लग काढून मल्टिमीटर लावला तर रोध जवळजवळ शून्य. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये एका गॅरेजने रेझिस्टर नसलेले प्लग बसवले होते. आत साधारण ५ किलोओहमचा रोध असलेले प्लग घातले आणि टरटर गेली. त्याचे श्रेय या किटला देता येणार नाही.

पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या चाचण्या होतात, आणि गाडीतल्याच रिसीव्हरांच्या संरक्षणासाठी सीआयएसपीआर २५ हे मानक आहे. पण गाडी घरी आल्यावर आपण खोचलेला चार्जर किंवा मागाहून लावलेले एलईडी दिवे त्या चाचणीत नसतात. म्हणूनच अशा वस्तूंची गरज पडते.

अल्टरनेटरची शिट्टी असेल तर हे किट अवश्य घ्यावे. तक्रार फक्त चार्जरची असेल, तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिश्रणाचा क्रमांक विचारून सुटे फेराइट घेणे अधिक बरे, आणि घेताना कडी दोन-चार वेळा उघडमीट करून पाहावी.