गाईतल्या इम्प्रिंटिंगवर काम करायचंय: एच१९ घ्यायचा, केसीएनक्यू१ओटी१ घ्यायचा की एअर्न?

एकच लाँग नॉनकोडिंग आरएनए (प्रोटीन न बनवणारा लांब आरएनए) निवडायचा म्हटलं की बरेच जण डोळे झाकून एच१९ धरतात, कारण तो जुना, उंदरात १९९१ मध्येच इम्प्रिंटेड म्हणून कळलेला, आणि कुठलंही पुस्तक उघडा त्याची आकृती असतेच. मला विचाराल तर नाव किती गाजलंय ते नंतर बघा. आधी बघा की हातात टिश्यू कुठला येणारे आणि वासराच्या आईचा नि वळूचा, दोघांचाही डीएनए मिळतोय का. निम्मा निर्णय तिथेच होतो.

(इम्प्रिंटिंग म्हणजे जीनच्या दोन कॉप्यांपैकी फक्त आईकडची किंवा फक्त बापाकडची चालू आणि दुसरी गप्प, एवढं धरून पुढे जाऊ.)

एच१९ गाईत २९ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, शेजारी आयजीएफ२ (गर्भाची वाढ करणारं जीन). एच१९ आईच्या कॉपीवरून वाचला जातो, आयजीएफ२ बापाच्या. मधल्या कंट्रोल भागावर आईच्या कॉपीत सीटीसीएफ नावाचं प्रोटीन बसतं आणि एन्हान्सरला (जीन जोरात चालवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) आयजीएफ२ पर्यंत पोचूच देत नाही, बापाच्या कॉपीत तिथे मिथायलेशन (डीएनएवरची रासायनिक खूण) असल्यामुळे ते प्रोटीन बसत नाही आणि आयजीएफ२ मोकळा सुटतो. आता गंमत बघा, या सगळ्यात आयजीएफ२ ला अडवायचं काम एच१९ चा आरएनए करतच नाही, डीएनएचा तो तुकडा करतो. म्हणजे 'आरएनए शेजारच्या जीन्सना गप्प कसा करतो' हा तुमचा प्रश्न असेल तर एच१९ घेऊन वर्ष वाया जाईल. काम मात्र सोपं आहे हे कबूल, आरएनए जेमतेम २.३ केबीचा (केबी म्हणजे हजार अक्षरं), स्प्लाइस होतो (मधले तुकडे कापून उरलेले जोडले जातात), पॉली-ए शेपूट (टोकाला ए अक्षरांची माळ) असते, गर्भाच्या टिश्यूत भरपूर मिळतो, साध्या आरटी-पीसीआरवर (आरएनएचा डीएनए करून वाढवायच्या चाचणीवर) भागतं. पण लहान असल्यामुळेच त्यात एसएनपी (डीएनएतले एका अक्षराचे फरक) मोजकेच सापडतात आणि तुमचं वासरू नेमकं तिथे हेटरोझायगस (दोन कॉप्यांत वेगळं अक्षर असलेलं) नसलं तर तो नमुना अ‍ॅलील (जीनची कुठली कॉपी ते) ओळखायच्या कामाचा राहत नाही.

केसीएनक्यू१ओटी१ पण त्याच २९ नंबरवर, पण स्वभाव उलटा. हा बापाच्या कॉपीवरून, केसीएनक्यू१ जीनच्या पोटातून उलट्या दिशेने वाचला जातो, उंदरात ९० केबीच्या आसपास लांब, स्प्लाइस होत नाही आणि न्यूक्लियसमध्येच राहतो. उंदरात हा आरएनए मधेच तोडला तर सीडीकेएन१सी (वाढीला लगाम घालणारं जीन) सारखे गप्प केलेले शेजारी पुन्हा चालू होतात, त्यामुळे इथे 'आरएनए काम करतो' असं म्हणायला खरा आधार आहे. आणि गाईच्या बाबतीत तर हा विषय थेट गोठ्यापर्यंत जातो: आयव्हीएफ किंवा क्लोनिंगच्या काही गर्भांत लार्ज ऑफस्प्रिंग सिंड्रोम दिसतो, वासरू अवाढव्य, जीभ मोठी, बेंबीचा हर्निया, आणि अशा बऱ्याच गर्भांत आईच्या कॉपीवरचं मिथायलेशन उडालेलं असतं, मग केसीएनक्यू१ओटी१ दोन्हीकडून चालू आणि सीडीकेएन१सी कमी. माणसातल्या बेकविथ-विडेमान सिंड्रोमच्या (बाळ प्रमाणाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) साधारण निम्म्या केसेसमध्ये हाच बिघाड सापडतो. फक्त याच एका जागेवर सगळं खापर फोडू नका, या गर्भांत एकाच वेळी बरीच इम्प्रिंटेड जीन्स बिघडलेली असतात.

लॅबमध्ये मात्र हा छळतो. स्प्लाइस होत नाही म्हणजे आरएनएत जरा जरी डीएनए राहिला तरी बँड हुबेहूब तोच येणार, म्हणून डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि आरटी-विना कंट्रोल (आरएनएचा डीएनए न करता चालवलेला तुलनेचा नमुना) सोडायचाच नाही. सिक्वेन्सिंग करणार असाल तर लायब्ररी स्ट्रँड-स्पेसिफिक (आरएनए डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आला ते सांगणारी) हवी, नाहीतर केसीएनक्यू१ चं आणि याचं वाचन एकात एक मिसळतं, आणि पॉली-ए निवडण्यापेक्षा रायबोझोमल आरएनए काढून टाकलेला बरा. एवढं सांभाळलं तर लांबीचा फायदा मिळतो, एका टोकाला एसएनपी नसला तर दुसरीकडे कुठेतरी असतोच.

वारेवर काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. वार वेगळी करताना गाईच्या गर्भाशयाचा तुकडा चिकटून येतो आणि त्यात आईचे अ‍ॅलील असतात. एच१९ आईकडूनच चालतो, त्यामुळे ही भेसळ झाली तरी निकाल अजून स्वच्छ दिसतो आणि खरा बिघाड झाकला जातो. केसीएनक्यू१ओटी१ मध्ये नेमकं उलटं, आईचा अ‍ॅलील दिसला की वाटतं इम्प्रिंटिंग गेलं, आणि गेलेलं काहीच नसतं. माझ्या मते वारच मिळणार असेल तर बरोबर गर्भाचं लिव्हर किंवा स्नायू घेतल्याशिवाय दोन्हीपैकी कशालाच हात लावू नये.

एअर्न ९ नंबरवर, आयजीएफ२आर (आयजीएफ२ ला पकडून कमी करणारं जीन) च्या आतून उलटा वाचला जातो, बापाकडून. मेंढीत गर्भ मोठा होण्याचा आयजीएफ२आर शी संबंध २००१ मध्येच दाखवला गेला, म्हणून मोह होतो. पण उंदरात २०१२ मध्ये असं दिसलं की आयजीएफ२आर ला बंद करायला तयार झालेला आरएनए लागत नाही, आयजीएफ२आर च्या सुरुवातीवरून ट्रान्सक्रिप्शन (आरएनएचं वाचन) जाणं पुरेसं असतं. मेकॅनिझमवाल्यांना हा सोन्याची खाण, पण गाईत ते तपासायला जीन एडिट केलेले भ्रूण लागतील, आणि ते एका विद्यार्थ्याचं काम नाही.

मांसाच्या बाजूने येत असाल तर २१ नंबरवरचा मेग३ (हाही प्रोटीन न बनवणारा आरएनए) बघा, शेजारी डीएलके१ जीन आहे, आणि याच भागातल्या एका अक्षराच्या बदलाने मेंढीत मागचे पुठ्ठे फुगलेली कॅलिपीज मेंढी होते, तीसुद्धा बदल बापाकडून आला तरच.

काहीही घ्या, आई-बापाचा जीनोटाइप (त्या जागी डीएनएत कुठली अक्षरं आहेत ते) नसेल तर तुम्ही फक्त एवढंच म्हणू शकता की एकच कॉपी चालू आहे, कोणाची ते नाही. एसएनपी भरपूर हवेत म्हणून बॉस टॉरस (विदेशी गाय) आणि बॉस इंडिकसचा (वशिंडवाली देशी गाय) संकर वापरतात ते चांगलंच आहे, पण संकर एकाच दिशेने केला तर जातीचा परिणाम आणि आई-बापाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, उलट संकरही (आईची जात बापाला, बापाची आईला) हवा, आणि गाय नऊ महिने गाभण राहून बहुतेकदा एकच वासरू देते तेव्हा ते गणित प्रपोजल लिहायच्या आधीच गाईडसमोर मांडा.