निळ्या डब्यातलं पितळ

काडतुसाच्या १०० पुंगळ्यांचे १३० डॉलर मोजले, तेव्हा नवऱ्याने पावती दोनदा वाचली. "अगं, भरलेल्या ना?" नाही, रिकाम्या. आत दारू नाही, वर गोळी नाही, बुडाला ठिणगी देणारी टिकली, म्हणजे प्रायमर, नाही. नुसतं पितळ. त्यावर तो काही बोलला नाही, पण रात्री जेवताना 'पितळी भांड्यांचा नवा सेट' हा विषय दोनदा निघाला.

तर हा त्या सेटचा रिव्ह्यू. लापुआ कंपनीच्या, ६.५ क्रीडमूर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळ्या आणि त्यांत बसवून पाहिलेले तीन प्रायमर. मी ओहायोत, कोलंबसजवळ राहते. नोकरी औषधांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये. ग्रीन कार्ड आल्यावर पहिली रायफल घेतली आणि आता महिन्यातून दोन रविवार ६०० यार्डांवर कागदाला भोकं पाडते. काडतुसं घरी भरते, कारण दुकानातली मॅचची काडतुसं महाग पडतात आणि खरं सांगायचं तर तळघरात वजनकाट्यासमोर बसायला मला आवडतं. (भारतातल्या वाचकांनी मोह आवरावा. तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

आधी मी सगळं उलटं करत होते. स्वस्त पितळ आणि महाग प्रायमर. एका कंपनीचं, नाव लिहीत नाही, ६५ डॉलरला शंभर असं पितळ घेतलं होतं. पाचव्या वेळी भरायला बसले तर प्रायमर बुडाच्या खळग्यात बसवताना हाताला काही लागेचना. बोटानेच आत गेला. म्हणजे खळगा सैल झाला, पुंगळी बाद. शंभरातल्या साठ-सत्तर तशाच. ६५ डॉलर भागिले चारशे बार, एका बाराला १६ सेंट. निळ्या डब्यातल्या पुंगळ्या आज अकरा वेळा भरून झाल्या आहेत, म्हणजे बाराला १२ सेंट आणि अजून त्या चालू आहेत. हा हिशेब नवऱ्याला कागदावर मांडून दाखवला. त्याने कागद ठेवून घेतला.

खळगा इतका का टिकतो, त्याला कारण आहे. हॉर्नडीने २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर आणलं ते मोठ्या रायफल प्रायमरचं. लापुआने स्वतःच्या पुंगळीला लहान प्रायमरचा खळगा दिला. भोवती तेवढं जास्त पितळ उरतं, आणि बार उडतो तेव्हा बुडावर मोठा दाब येतो. शिवाय मधलं फ्लॅश होल, म्हणजे ठिणगी दारूपर्यंत जाण्याचं भोक, तेही लहान, नेहमीच्या दोन मिलिमीटरऐवजी दीड.

या दीड मिलिमीटरने मला पहिल्याच आठवड्यात शहाणं केलं. वापरलेला प्रायमर बाहेर ढकलणारी डायमधली (पुंगळी पुन्हा मापात दाबणाऱ्या साच्यातली) पिन नेहमीच्या दोन मिलिमीटरच्या भोकासाठीच बनवलेली असते. मी डाय बदलली नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही, आणि प्रेसचा दांडा खाली ओढला. पिन भोकात रुतली, पुंगळी डायमध्ये अडकली, आणि मी आणखी जोर लावल्यावर पिन वाकली. तासभर खटपट केली. चूक शंभर टक्के माझी. बारीक पिन वेगळी मिळते, चार-पाच डॉलरला. पितळाच्या बरोबरच मागवा.

डबा उघडल्यावर काहींचा विरस होतो. पुंगळ्यांच्या गळ्यापासून, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागापासून, खांद्यापर्यंत निळसर-तपकिरी डाग असतात, जणू रिकामी कढई गॅसवर विसरली. वापरलेला माल आलाय असं वाटतं. तो डाग म्हणजे ताव दिल्याची खूण. इतर बरेच जण पॉलिश करून तो घालवतात, लापुआ तसाच ठेवते.

माझं आजोळ पुण्याच्या कसबा पेठेतलं, तांबट आळीपासून दोन गल्ल्या अलीकडे. सुट्टीत सकाळी जाग यायची ती हातोड्यांच्या ठोक्यांनी. ठोकून ठोकून पत्रा ताठर झाला की भट्टीत ताव द्यायचे, मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. पुंगळीचंही तेच. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. प्रत्येक बाराला गळा फुगतो, डाय तो पुन्हा दाबते. या ओढाताणीत तो ताठर होत जातो आणि एक दिवस चिरतो. म्हणून दर तीन फेऱ्यांनी मी गळा आणि खांदा गॅसच्या ज्योतीखाली काही क्षण धरते. फक्त गळा आणि खांदा! बूड मऊ झालं तर दाब तिथून फुटून तुमच्या तोंडावर येईल. आळीतला कारागीर हंड्याच्या काठाला आणि बुडाला वेगवेगळं वागवायचा, ते मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

आता एकसारखेपणा. डब्यातल्या शंभरही पुंगळ्या मी एकेक करून तोलल्या. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांत दीड ग्रेनचा फरक, म्हणजे एक दशांश ग्रॅमही नाही. आधीच्या पितळात तो साडेचार ग्रेन होता. वजनाला एवढं महत्त्व का, तर बाहेरचं माप डायने एकच झालेलं असतं, त्यामुळे जास्तीचं पितळ असेल ते आतल्या बाजूला. आत जागा कमी, तेवढ्याच दारूला दाब जास्त. म्हणूनच पितळाची कंपनी बदलली की जुनं माप चालवायचं नाही. मॅन्युअल उघडून खालून पुन्हा सुरुवात करायची. मी किती दारू भरते ते इथे लिहीत नाही, विचारूही नका. ती माझ्या बंदुकीची गोष्ट आहे.

तोंडं प्रवासात थोडी चेपलेली असतात, ती कोणाच्याही नव्या पितळाची असतात. पहिल्या वेळी भरण्याआधी आतून मॅन्ड्रेल, म्हणजे तोंड गोल करणारी दांडी, फिरवा.

प्रायमरकडे वळण्यापूर्वी एक गंमत. एका अमेरिकन माणसाने, बर्डनने, शोधलेला प्रायमर युरोपात रुजला. बॉक्सर या इंग्रज कर्नलने शोधलेला, अमेरिकेत. बर्डनच्या पुंगळीला दोन भोकं आणि मधली ऐरण (जिच्यावर प्रायमर चेपला जातो ती) पुंगळीतच, त्यामुळे वापरलेला प्रायमर काढणं जिकिरीचं. बॉक्सरला मध्यावर एकच भोक. लापुआ फिनलंडची, पण हे पितळ बॉक्सर पद्धतीचं. तसं नसतं तर आपली पिन वाकवायला मला भोकही मिळालं नसतं.

तीन प्रायमर घेतले: सीसीआय ४५०, सीसीआय बीआर-४ आणि फेडरल गोल्ड मेडल २०५एम. बाकी सगळं तेच ठेवून प्रत्येकाचे दहा बार क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, घेतले. वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे बाराबारांतला चढउतार, सेकंदाला ९, ७ आणि ८ फूट. क्लबातले एक सत्तरीचे आजोबा लगेच म्हणाले, "बीआर-४ जिंकला." मी मानेनेच नाही म्हटलं. नाही म्हणणं हीच माझी नोकरी आहे. दहा नमुन्यांवर ७ आला, तर खरा आकडा ५ पासून १३ पर्यंत कुठेही असू शकतो. कारखान्यात एवढ्या पुराव्यावर मी खोकल्याच्या गोळीचा एक डबाही सोडला नसता. पुढचे तीन रविवार घालवून प्रत्येकाचे तीस-तीस बार केले. तिघेही ८ आणि ९ च्या मध्ये. फरक संपला. आजोबा अजूनही बीआर-४ च वापरतात. त्यांचा तो आनंद मी का घालवू?

जुन्या स्वस्त पितळात हाच आकडा १६ होता. पैसा कुठे घालायचा ते माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

मग निवड करायची कशावरून? माझ्यासाठी थंडीवरून. मागच्या जानेवारीत उणे आठ सेल्सिअसला दुसऱ्याच एका साध्या ताकदीच्या प्रायमरवर चाप ओढला. खट् झालं. मग काहीच नाही. मग मी श्वास सोडेपर्यंत बार झाला. नळी लक्ष्याकडेच होती आणि बोल्टला हात लावला नव्हता, म्हणून आज हे लिहिते आहे. खट् आवाजानंतर किमान तीस सेकंद तसंच थांबायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि पहिल्या दिवशी ते पाठांतरासारखंच वाटतं. लहान प्रायमर, लहान भोक, पुढे भरपूर दारू आणि तीही गारठलेली, अशा वेळी ठिणगीला जोर हवा. ४५० मॅग्नम आहे, म्हणजे जास्त जोराचा. तेव्हापासून हिवाळ्यात तोच, आणि उन्हाळ्यासाठी वेगळा कशाला ठेवायचा म्हणून उन्हाळ्यातही तोच. त्याची धातूची वाटी ०.०२५ इंच जाड आहे. सीसीआयच्याच साध्या ४०० ची ०.०२०. क्रीडमूरच्या दाबाला जाड वाटी बरी, फायरिंग पिनने भोसकली जात नाही.

फेडरल बसवताना हाताला सुरेख लागतो, हे मान्य. पण त्यांच्या शंभर प्रायमरचा डबा बिस्किटाच्या पुड्याएवढा. प्रायमर एकमेकांपासून लांब राहावेत म्हणून तो तसा असतो, आणि ते योग्यच आहे. कपाट माझं लहान आहे, एवढंच. जागा वाचवायला कोणतेही प्रायमर काचेच्या बरणीत ओतू नका. एक उडाला तर सगळे उडतील. ते मूळ ट्रेमध्येच राहू द्यावेत.

किमतीचं म्हणाल तर २०२० च्या आधी हजार प्रायमर ३५ डॉलरला आणलेले आठवतात. २०२१ मध्ये दुकानांत रिकामी फळी आणि ओळखीत कोणी विकलेच तर शंभराच्या वर. आता मला ९० ला मिळतात. कुरिअरने मागवले तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, म्हणून गाडी काढून दुकानात जाते आणि एकाच लॉटचे पाच हजार उचलते. लॉट नंबर बघून घ्या. नावापेक्षा तो जास्त उपयोगाचा.

आणि हो, हे सगळं करूनही मी हरते ते वाऱ्यामुळे. ६०० यार्डांवर ताशी एक मैल वारा चुकीचा वाचला तर गोळी अडीच इंच सरकते. वेगातला सेकंदाला १० फुटांचा फरक एक इंचही हलवत नाही. हजार यार्डांवर गणित बदलतं, तिथे तेच १० फूट दोन-तीन इंच खातात. कॅम्प पेरी या ओहायोतल्या नेमबाजीच्या मैदानावर एरी सरोवरावरून येणारा वारा बघितलात की प्रायमरवरची भांडणं करमणुकीची वाटू लागतात.

लापुआ हे गावाचंही नाव. तिथे १९२३ पासून काडतुसं बनतात. १३ एप्रिल १९७६ ला काडतुसं भरण्याच्या विभागात स्फोट झाला, ४० माणसं गेली, त्यात बहुतेक बायका. माझा मामा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होता, १८६९ पासूनची ती. काडेपेटी गेटवर जमा केल्याशिवाय आत पाऊल नाही, हे तो जेवताना सांगायचा आणि आम्ही हसायचो. आता तळघराच्या दारावर मीच पाटी लावली आहे: उदबत्ती, मेणबत्ती, फोन आणि नवरा यांना प्रवेश नाही. ताव देण्याची ज्योत गॅरेजमध्ये, दारूपासून लांब.

पितळाला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला. १३० फारच वाटत असतील तर मिझुरीतल्या सेडेलिया गावची स्टारलाइन बघा, निम्म्याच्या आसपास पडते आणि लहान-मोठा दोन्ही खळग्यांत मिळते. नवशिक्याला मी तीच सांगते. पहिल्या दहा-वीस पुंगळ्या तो चेचणारच आहे.

निळ्या डब्याच्या झाकणावर मी दर फेरीला एक रेघ मारते, दुधाच्या हिशेबासारखी. आत्ता अकरा रेघा आहेत. शंभरातल्या दोन गळ्याशी चिरल्या. एकीत नवऱ्याने टूथपिक ठेवल्या आहेत, दुसरी अजून त्याला सापडलेली नाही.