चौघे की ऐंशी? बडोद्याहून तिकीट काढण्याआधी

भाच्याने जेवताना जाहीर केलं, "मावशी, मला ऑर्केस्ट्रा ऐकायला जायचंय." माझी आई लगेच खुलली. तिच्या डोळ्यांपुढे गणपतीतला ऑर्केस्ट्रा: ऑक्टोपॅड, कीबोर्ड, चमचमत्या कोटातला निवेदक आणि हुबेहूब रफीच्या आवाजात गाणारा कुणीतरी. भाच्याच्या मनात काळ्या कपड्यांतली ऐंशी माणसं, मागे कोरस, आणि पडद्यावर तो गेम ज्यावर त्याने अख्खी दहावीची सुट्टी घालवली. दोघंही पाच मिनिटं अगदी जोशात बोलत होती आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती.

घरात हा घोळ गमतीचा आहे. तिकीट काढताना तो महागात पडतो. गेम, अॅनिमे (जपानी कार्टून) आणि सिनेमाच्या संगीताच्या मैफली आता इतक्या तऱ्हांच्या झाल्यात, पण जाहिरातीत सगळ्याच 'सिम्फनी' असतात, म्हणजे जणू पूर्ण वाद्यवृंदाच्या. वर्षभरात आम्ही एकदा फसलो, दोनदा नीट ऐकलं. बडोद्यातून निघायचं तर निदान एक दिवस आणि एक रात्र जाते, म्हणून लिहून ठेवते.

आधी फसल्याची गोष्ट. हॉटेलच्या हॉलमधला कार्यक्रम, पोस्टरवर सगळ्या मोठ्या गेमची आणि अॅनिमेची नावं. स्टेजवर पाच जण: कीबोर्ड, ड्रम, गिटार, दोन व्हायोलिन. आवाज मात्र पन्नास जणांचा. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. तिसऱ्या की चौथ्या धुनेत डावीकडच्या व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला, शांतपणे बाही सारखी केली, आणि व्हायोलिन वाजतच राहिलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ट्रॅक लावून वाजवणं हा काही गुन्हा नाही, पण मग तसं सांगा. तेव्हापासून मी जाहिरातीत तीनच गोष्टी बघते: वाद्यवृंदाचं नाव आहे का, कंडक्टरचं नाव आहे का, वादक किती. तिन्ही नसतील आणि फक्त गेमची नावं असतील तर सरळ आयोजकांना विचारायचं, "स्टेजवर किती जण बसणार?" उत्तराला आढेवेढे आले की आपल्याला उत्तर मिळालं.

आता खऱ्या निवडीकडे. मला वाटतं, आधी स्वतःला विचारावं की आपल्याला आठवण ऐकायची आहे की आवाज. ओळखीची धून कानावर पडली, घसा दाटला, काम झालं, ही एक भूक. ऐंशी वाद्यं एकदम उठली की छातीत काय होतं ते बघायचंय, ही दुसरी. दोन्ही एकाच तिकिटात मिळतात, पण ते तिकीट बहुतेक परदेशातलं असतं.

आठवणीची भूक असेल तर मेणबत्त्यांच्या मैफली वाईट नाहीत. मुंबईसारख्या शहरांत त्या आता होतात. बॅटरीवरच्या शेकडो मेणबत्त्या, मध्ये चौघे: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. साधारण तासाभराचा कार्यक्रम. नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मीही मुरडत होते, पण ऐकल्यावर माझं मत अर्धं बदललं, आणि अर्धंच का ते सांगते.

जुन्या गेमचं संगीत मुळात चौघांच्याच मापाचं होतं. 1983 साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रात आवाजाला पाचच वाटा होत्या. सूर धरायला त्यातल्या तीन, एक नुसत्या खरखरीला, म्हणजे ढोलताशाच्या जागी, आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांना. कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये मारिओची धून बांधली ती एवढ्याच सामानात. तीन सुरांत अख्खा खेळ उभा करायचा, तोही असा की तीच धून शंभर वेळा फिरली तरी मुलाने गेम बंद करू नये. अशी धून चार तारवाद्यांवर अंगावर शिवल्यासारखी बसते. चेलोवाल्याने बोटांनी तारा छेडायला सुरुवात केली आणि हॉलमधली तीस-पस्तिशीची माणसं पोरासारखी हसायला लागली.

जो हिसाइशी यांचं जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या अॅनिमे चित्रपटांचं संगीतही चौघांत टिकतं, कारण ते सुरावटीवर उभं आहे. एका पियानोवर वाजवलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे चांगलं भावगीत नुसत्या पेटीवर तरतं, तसंच.

आणि मग 'अटॅक ऑन टायटन' ही अॅनिमे मालिका. हिरोयुकी सावानो यांचं ते संगीत म्हणजे कोरस, ड्रम, इलेक्ट्रॉनिक थर, गायक. चौघांनी जीव तोडून वाजवलं, पण लग्नाच्या वरातीला एकटा सनईवाला यावा तसं वाटलं. 'फायनल फॅन्टसी' या गेमच्या 1997 च्या सातव्या भागातली शेवटच्या लढाईची लॅटिन कोरसवाली रचनाही त्याच जातीची. कोरस काढला की तिचं काही उरत नाही. म्हणून चौघांच्या मैफलीचं तिकीट काढताना कार्यक्रमातल्या रचनांची यादी बघा. जुनं आणि सुरेल असेल तर जा, युद्धंच युद्धं असतील तर पैसे ठेवा.

आवाजाची भूक असेल तर माझं मत थोडं उलटं वाटेल: तुमच्या आवडीचा एकही गेम कार्यक्रमात नसला तरी मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐका. 2006 साली खुशरू संतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी उभा केलेला हा वाद्यवृंद साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात मुख्य हंगाम करतो, नरिमन पॉइंटच्या जमशेद भाभा थिएटरात. भाच्याला हे पटवायला मला आठवडा लागला. "त्यात माझं काय आहे?" हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

आम्ही ऐकली ती रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना. आई हट्टाने सोबत आली. ती सुरसागरसमोरच्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकलेली, म्हणजे मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या काळात 1886 साली चालवायला घेतलेल्या गायनशाळेच्या परंपरेतली. कार्यक्रम सुरू होण्याआधी ओबोवाल्याने (ओबो म्हणजे सनईच्या जातीचं फुंकवाद्य) एक सूर धरला आणि सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला मिळवली. आई पुटपुटली, "तंबोरा जुळवतायत." तेवढ्यावर तिचा परकेपणा संपला.

त्या सिम्फनीचा तिसरा भाग ऐकाच. सगळ्या तारवाद्यांचे गज बाजूला राहतात आणि सगळे बोटांनी तारा छेडतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मंद मंद पावसासारखा आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो, आणि तो कुठे फिरतोय हे डोळ्यांनी दिसतं. स्पीकर मध्ये नाही. हॉटेलातल्या त्या गज खाली घेतलेल्या व्हायोलिनवाल्याची आठवण आम्हा दोघांना एकदमच आली. त्यानंतर चौथा भाग झांजांच्या कडकडाटाने सुरू होतो, सगळा वाद्यवृंद एकदम. भाचा खुर्चीत उडाला आणि कानात म्हणाला, "मावशी, बॉस फाइट." म्हणजे गेममधल्या सगळ्यांत मोठ्या शत्रूशी लढाई. त्याचं चुकलं नाही. पितळी वाद्यांचा तो हल्ला, तारांची धावाधाव, गेमच्या आणि हॉलिवूडच्या संगीतकारांनी हे शब्द इथूनच उचललेत. त्याला आवडणारं व्याकरण होतं, फक्त ओळखीचं वाक्य नव्हतं.

आपल्याकडेही हा पूल नवा नाही. हिंदी सिनेमाची गाणी ज्या व्हायोलिनच्या ताफ्यावर उभी राहिली, त्यांची स्वरलेखनाची पानं लिहिणारे बरेचसे गोव्याचे वादक होते. त्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भलामोठा वाद्यवृंद बसवून मैफल केली होती, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासह. आईला हे सांगितल्यावर तिने भाच्याकडे असं पाहिलं की जणू तिचाच ऑर्केस्ट्रा आधी आला होता.

सिनेमा पडद्यावर आणि संगीत समोर, हा तिसरा प्रकार. यात चित्रपट पूर्ण दाखवतात, संवाद आणि आवाज तसेच, फक्त संगीताचा पट्टा काढून टाकलेला. ते संगीत वादक तिथल्या तिथे वाजवतात. कंडक्टरच्या कानात ठोके वाजत असतात आणि त्याच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर रंगीत उभ्या रेघा सरकतात, म्हणजे तलवार उपसली जाते त्याच क्षणी तुतारी यावी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि 'हॅरी पॉटर' अशा रीतीने जगभर फिरतात. सर्कशीतल्या झोक्यासारखं कौशल्य आहे हे. तरी माझी तक्रार एकच: वीस मिनिटांत आपण वादकांना विसरतो आणि सिनेमा बघू लागतो. ज्याला संगीत ऐकायचंय त्याने हा प्रकार दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा. पण घरात कुणी 'ऑर्केस्ट्रा' या शब्दालाच घाबरत असेल, तर त्याला न्यायला याहून सोपं काही नाही.

हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमर याच्या नावाची तिकिटं घेताना जरा थांबा. 'हान्स झिमर लाईव्ह' म्हणजे तो स्वतः आपल्या बँडबरोबर, गिटार, ड्रम, रोषणाई, जवळजवळ रॉक शो. 'द वर्ल्ड ऑफ हान्स झिमर' म्हणजे त्याचं संगीत वाद्यवृंदाकडून, तो स्वतः स्टेजवर वाजवत नाही. दोन्ही चांगलेच, पण एकाच्या आशेने दुसऱ्याला गेलात तर चिडाल.

आणि भाच्याच्या स्वप्नातलं तिकीट: परदेशातली खास गेमची मैफल. हा प्रकार जपानात जन्मला. कोइची सुगियामा यांनी 1987 साली टोकियोत 'ड्रॅगन क्वेस्ट' या गेमचं संगीत वाद्यवृंदावर वाजवून दाखवलं. 'फायनल फॅन्टसी'च्या नोबुओ उएमात्सु यांच्या रचनांची 'डिस्टंट वर्ल्ड्स' ही फिरती मैफल 2007 साली स्टॉकहोमहून निघाली ती आजही फिरते. अशा फेऱ्यांत कंडक्टर आणि स्वरलेखनाची पानं प्रवास करतात, वादक आणि कोरस बहुतेक त्या त्या शहराचे, आणि सराव मोजक्याच तासांचा. म्हणून शहर बघून तिकीट घ्या. ज्या शहराचा वाद्यवृंद चांगला, तिथली मैफल चांगली. लंडनला मामा-काका असतील (बडोद्यात कुणाचे नसतात?) तर रॉयल अल्बर्ट हॉलवर नजर ठेवा. बीबीसी प्रॉम्स या तिथल्या संगीतमहोत्सवात गेमच्या संगीताची पहिली स्वतंत्र मैफल तिथेच झाली, 2022 च्या ऑगस्टात. कुणी नसेल तर सिंगापूर जवळ पडतं, अहमदाबादहून थेट विमान आहे. परदेशच्या मैफलीत तिकीट स्वस्त आणि बाकी सगळं महाग, हे धरून चालायचं. माझं मत विचाराल तर मुंबईत एकदा पूर्ण वाद्यवृंद ऐकल्याशिवाय हा खर्च करू नये. कानाला माप कळलेलं नसतं.

घरी ऐकणं? हिसाइशी यांची 2008 ची टोकियोच्या बुडोकान सभागृहातली मैफल, हजाराहून अधिक वादक-गायकांची, डिस्कवर आहे. चांगल्या हेडफोनवर ती ऐकणं हॉटेलातल्या त्या संध्याकाळपेक्षा कितीतरी बरं. यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

मुंबईचं ठरलं तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. रात्रीची परतीची गाडी काढताना ती मुंबई सेंट्रलहून सुटते की दादर, वांद्र्याहून, हे आधी बघा. नरिमन पॉइंटहून वांद्र्याला वेळेत पोचायचं म्हणजे शेवटच्या टाळ्या सोडून पळणं. आम्ही पहिल्या खेपेला तेच केलं आणि एन्कोअर, म्हणजे टाळ्यांनंतर वाजवलेली जादा रचना, हुकला. दुसरं, सर्वांत पुढच्या रांगा घेऊ नका. तिथून फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि पितळी वाद्यं डोक्यावरून जातात. बाल्कनीची पुढची रांग सगळ्यांत उत्तम, शिवाय वरून कोण कधी वाजवतं ते दिसतं.

सप्टेंबरच्या हंगामासाठी तीन तिकिटं काढायची आहेत. भाचा बाल्कनी म्हणतोय. आईला मात्र ओबोवाल्याचा चेहरा दिसेल अशी जागा हवी आहे.