सत्तर सेंटिमीटरचा पट्टा, छत्तीस सेंटिमीटरची मान: गोचिडींच्या पट्ट्याचा साडेसहा महिन्यांचा अनुभव

पट्टा काम करतो. हे तीन शब्द लिहायला मला साडेसहा महिने, एक गवंडी आणि दोन भांडणं लागली. पण आधी त्या तुकड्याचं बोलू, कारण तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचा टायगर गावठी. वजन १६ किलो, मान ३६ सेंटिमीटर. हा राखाडी पट्टा दोनच मापांत मिळतो: आठ किलोपर्यंतच्या कुत्र्याला ३८ सेंटिमीटरचा, त्यापुढच्या सगळ्यांना ७० चा. मग तो आमचा टायगर असो की कुणाचा वासराएवढा ग्रेट डेन. दोन बोटं आत जातील इतका सैल बांधायचा, पुढे दोन सेंटिमीटर शेपूट ठेवायचं आणि बाकीचा कापून टाकायचा. मी कापला आणि उरलेला तुकडा मुलाच्या फूटपट्टीवर ठेवला. २९ सेंटिमीटर. पट्टा साडेतीन हजारांना पडला होता, म्हणजे सेंटिमीटरला ५० रुपये. कात्रीच्या एका घावात साडेचौदाशे रुपये गेले. मधलं माप काढायला कुणाचं काय जात होतं?

तरी घेतला, कारण गेल्या वर्षीचा पावसाळा. टायगर दोन दिवस पडवीत पडून होता, बांगड्याच्या डोक्याकडेही बघेना. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. तपासणीत प्लेटलेट्स ३८ हजार निघाल्या. धडधाकट कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणारा जिवाणू. आपल्याकडे सगळे याला सरसकट 'टिक फिव्हर' म्हणतात. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, आणि रिकाम्या पोटी दिली की लगेच उलटी. सलाईन, रक्ताच्या तीन तपासण्या आणि फोंड्याला रिक्षाच्या फेऱ्या धरून जो आकडा झाला तो मी घरात पूर्ण सांगितलेला नाही. त्यापुढे साडेतीन हजार स्वस्तच.

एप्रिलमध्ये पट्टा घातला. पहिल्या आठवड्यात चटईवर वाळलेल्या, मेलेल्या गोचिडी पडलेल्या दिसायला लागल्या आणि मला इतका आनंद झाला की मी त्या मोजून ठेवल्या. वास नाही, तेलकटपणा नाही, खाजवणं नाही. मे महिनाभर अंगावर एकही जिवंत सापडली नाही. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते आणि ७० सेंटिमीटरचा विषय एका ओळीत संपवला असता.

मग पाऊस लागला.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधत होतो. मी स्टुलावर, आई खालून एकेक फळ देत होत्या. माटोळीच्या वर, भिंतीतून वाशाकडे काहीतरी चालत होतं. तांबूस, मसुराएवढं. मग दुसरं. देवासमोरच्या त्या एका भिंतीवर सतरा मोजल्या. आई एवढंच म्हणाल्या, "अगो, तुझे साडेतीन हजार व्हाळात गेले."

चवथ उरकल्यावर विक्रेत्याशी भांडण. ऑनलाइन घेतला होता, परत करायची मुदत कधीच संपलेली. मला वाटलं माल नकली. नकली पट्टे बाजारात असतातच, त्यामुळे डब्यावरचा बॅच क्रमांक आणि पट्ट्यावरचा क्रमांक आधी जुळवून घ्या. माझे जुळत होते, तरी मी भांडले. पलीकडून एकच प्रश्न आला: "कुत्र्याला आंघोळ किती वेळा घालता?" मी उत्तर टाळलं. आई दर रविवारी त्याला साबण लावून घासतात, आणि एरवी तो स्वतःच दुपारी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, बसलेला असतो. औषध पट्ट्यातून हळूहळू सुटतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं. तो थर दर आठवड्याला धुऊन काढला की पट्ट्याचे ठरलेले आठ महिने भरत नाहीत. हे कागदावर छापलेलं आहे. मी कापायचं तेवढं वाचलं होतं.

डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनी कान उलटे केले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं. दोन जिवंत मिळाल्या. मी पट्ट्यावर घसरले तर म्हणाल्या, "दोनच मिळाल्या म्हणजे पट्टा चालतोय. पट्टा कुत्र्याला घातलाय तुम्ही, भिंतीला नव्हे."

मग त्यांनी जे सांगितलं ते पट्ट्याच्या डब्यावर ठळक छापायला हवं. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते: अंड्यातून निघाल्यावर, मधल्या अवस्थेत आणि मोठी झाल्यावर. दर वेळी पोट भरलं की खाली उतरते आणि फट शोधते. बाकी सगळं आयुष्य भिंतीत. मादी शेवटचं रक्त पिऊन फुगली की अशाच फटीत हजारांच्या हिशेबाने अंडी घालते आणि मरते. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने काढते. या जातीला उंच चढायची खोड, म्हणून वाशापर्यंत गेलेल्या. आणि आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, शंभर वर्षांचं. चिरा म्हणजे आधीच भोकाभोकांचा. गोचिडींना याहून चांगली चाळ कुठे मिळणार?

मग सगळा राग घराकडे वळला. गवंडी बोलावला. टायगर झोपतो त्या पडवीच्या भिंतीचे सांधे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चुना-सिमेंटने भरून घेतले. तो आठशे मागत होता, सहाशेत आणला. गोणपाटाचं अंथरूण जाळलं आणि जुन्या चादरीचं केलं, ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढते. वाशांवर आणि उरलेल्या फटींवर फवारणी करून घेतली. तेव्हा टायगर आणि मनी मांजर दिवसभर जाऊबाईंकडे. शेजारच्यांनी भिंतीवर रॉकेल ओतायचा सल्ला दिला होता. लाकडी वाशांच्या घरात रॉकेल!

अंगावरची गोचीड काढतानाही रॉकेल नको, पेटती काडी नको, नखाने चिरडणं तर नकोच. चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. आमची बाटली फ्रिजवर असते. पाहुणे विचारतात, मी सांगत नाही.

वाळपईची नणंद याच सुमारास आली आणि बाटली बघून घाबरली. तिच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप आला तेव्हापासून तिथे गोचीड म्हटलं की लोक दचकतात. तो ताप जंगलातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडीमुळे पसरतो, आमच्या भिंतीतल्या या जातीमुळे नाही, हे तिला दोनदा सांगितलं. तिने चहा पडवीत न घेता आत घेतला.

आता तो तुकडा. २९ सेंटिमीटर बघून कुणाच्याही मनात येईल तेच माझ्या मनात आलं: मनीच्या गळ्याला बरोबर बसेल. सहज म्हणून डॉक्टरबाईंना विचारलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांच्या बऱ्याच औषधांत, विशेषतः मानेवर सोडायच्या थेंबांत, परमेथ्रिन असतं. ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. मांजराचा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या. वर तुकड्याला सुटणारी कडीही नाही, मांजर झाडाला अडकलं तर तिथेच लटकणार. मान्य. तुकडा परत डब्यात. व्हाळात किंवा विहिरीत टाकायचा नाही, त्यातलं औषध माशांना घातक. म्हणजे साडेचौदाशे रुपये देऊन मी एक कचरा घेतला, जो टाकतानाही जपायचा.

एक गैरसमजही इथेच सांगते. समोरच्या घरातल्या काकींनी विचारलं, "याला पट्टा आहे म्हणजे रेबीजचं इंजेक्शन झालं ना?" नाही हो काकी. रेबीजची लस वेगळी आणि ती दर वर्षी. गावात जाळी घेऊन लसवाले येतात आणि टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करतात, तो रंग म्हणजे लस झाल्याची खूण. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो असा घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्री टोचून. टायगरच्या डोक्यावरचा तो रंग आईंनी त्याच रविवारी साबणाने घासून काढला, पण त्याचं कार्ड आहे माझ्याकडे.

सप्टेंबर-ऑक्टोबर शांत गेले. भिंतीवर एक-दोन, अंगावर शून्य. मी चार तारे ठरवले होते. मग दिवाळीतली नरकासुराची रात्र.

पहाटे नरकासुराचा पुतळा जाळताना नाक्यावर जे फटाके वाजले त्यात टायगर दार ढकलून सुटला. चूक आमची, त्या रात्री मागच्या खोलीत बंद ठेवायला हवा होता. सकाळी अकराला परत आला: चिखलात माखलेला, एका कानावर ओरखडा आणि गळ्यात पट्टा नाही. आठातले साडेसहा महिने झालेले. साडेतीन हजार भागिले आठ, म्हणजे महिना ४३७ रुपये. दीड महिन्याचे साडेसहाशे गेले. मी पुन्हा मोबाईल घेऊन बसले, दोन तारे आणि 'कडी कुचकामी' असं लिहिलंसुद्धा.

दुपारी पोफळीला पाणी सोडायला कुळागरात गेले तर पट्टा कुंपणाच्या काटेरी तारेत अडकलेला. कडी सुटलेली. जोरात हिसका बसला की ती सुटावी अशीच केलेली असते. तारेखालची माती नखांनी उकरलेली होती, त्याने तिथे बरीच धडपड केलेली. त्याचा जुना चामड्याचा पट्टा असता तर तो सुटला नसता.

दोन तारे खोडले. किती द्यायचे ते मला अजून ठरवता येत नाही. ७० सेंटिमीटरचा एक तारा मी कापणारच.

नवा मागवलाय. यंदा ३८ चा घेऊ का असं विचारून पाहिलं, ताणून बसवला असता. डॉक्टरबाईंनी नुसतं वजनकाट्याकडे बोट दाखवलं. काल पट्टा आला, टायगरच्या मानेला लावला, दोन बोटं घालून बघितली. कात्री आईंच्या हातात दिली आणि मी आत गेले.