नफा खरा, मुद्दल मेलेलं: प्लझेनमध्ये गेलेले २०० युरो

२०० युरो गेले. त्या दिवशीच्या ९३ च्या भावाने १८,६०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली त्याने पहिल्यांदा "किती गेले?" विचारलं आणि मग "हात्तिच्या, एवढेच!" म्हटलं. एवढेच, कबूल. पण हे ज्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते माझे बाबा मिरजेच्या एका बँकेत ३४ वर्षं कॅशियर होते. आणि त्यांना नोटा मोजू न देणारा शहाणा म्हणजे मी. वर चार वर्षं म्युनिकमध्ये राहतोय, त्यामुळे "नवखा होतो" ही सबबही नाही.

सप्टेंबर २०२४. आई-बाबा माझ्याकडे आले होते. बायकोला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही तिघंच प्रागला गेलो. प्रागमध्ये तीन दिवस मी दोघांचं डोकं खाल्लं. बाबा, पाकीट पुढच्या खिशात. आई, पर्स पोटाशी. "कमिशन ० टक्के" लिहिलेल्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, तिथे कमिशन भावातच कापलेलं असतं. आणि रस्त्यावर कुणी पैसे बदलून देतो म्हणाला तर मान वर करून बघायचंसुद्धा नाही. हे सगळं मीच सांगितलं होतं, मोठ्याने, चारचौघांत. तीन दिवस सगळीकडे कार्ड चाललं, एक छदाम रोख लागली नाही. काही गेलं नाही, म्हणून छाती फुगली.

चौथ्या दिवशी, शनिवारी, चेक देशातलंच प्लझेन. प्रागहून रेल्वेने दीड तासाच्या आत येतं. आपल्याकडे 'लंडन पिल्सनर' पिऊन मोठे झालेल्यांसाठी सांगतो, पिल्सनरचा लंडनशी काडीचा संबंध नाही. पिल्सनर म्हणजे प्लझेनची. मला ती तळघरातली बिअर प्यायचीच होती. परतीची म्युनिकची गाडीही प्लझेनवरूनच जाते, म्हणून दोन रात्री खोली घेतली. खोलीच्या मालकिणीचा निरोप आला, भाडं ३९०० कोरुना (हे तिथलं चलन), फक्त रोख. इथूनच घोळ सुरू झाला. (रोखच पाहिजे म्हणणारी खोली घेऊ नका. घेतलीत तर पैसे आदल्या दिवशी बँकेच्या मशीनमधून काढून ठेवा.)

स्टेशनातून बाहेर पडलो तर आईला बाथरूमला जायचं होतं आणि तिथे नाणी टाकल्याशिवाय दार उघडत नव्हतं. खिशात कोरुना शून्य. पैसे काढायच्या मशीनकडे गेलो, ५००० कोरुना मागितले, तर स्क्रीन म्हणते तुमच्या खात्यातून २२८ युरो जातील. बाजारभावाने होतात २००. मी चिडून रद्द केलं. आता सगळे सांगतात की त्याच स्क्रीनवर दुसरं बटण असतं. 'रूपांतर नको' म्हणायचं, की मग मशीनचा नाही, आपल्या बँकेचा भाव लागतो. अहो, मलाही ठाऊक आहे. पण आई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होती आणि मागे दोघं ताटकळत होते. २८ युरो वाचवायला निघालो होतो, हे लक्षात ठेवा.

शेजारच्या पैसे बदलायच्या खिडकीवर पत्रा ओढलेला. तिथे एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, दाढी केलेला, हातात पावाची कागदी पिशवी. भामटा असा दिसत नाही हो! त्याने स्वतःहून काही विचारलंही नाही. बंद खिडकीकडे बघून नुसता च्यक् च्यक् केला. मग मीच जर्मनमध्ये विचारलं की दुसरी कुठे आहे का. तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, शनिवारी दुपारनंतर काही नाही. तो सोमवारी कामासाठी जर्मनीला निघाला होता म्हणे, युरो घ्यायलाच आला होता आणि त्याचीही पंचाईत झाली होती. "तुम्हाला किती हवेत?" मी २०० म्हटलं. त्याने युरोला २६ कोरुनांचा भाव सांगितला. खरा भाव २५ च्या आसपास. म्हणजे मला ५००० ऐवजी ५२००. वरचे २०० कोरुना म्हणजे प्लझेनमधल्या तीन बिअर, हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा मनात हेही आलं, की हे काय प्राग थोडंच आहे. साधं कामगारांचं गाव, स्कोडाचे कारखाने, इथे कोण फसवतंय.

त्याने नोटा माझ्यासमोर मोजल्या. तळहातावर पंख्यासारख्या पसरून, अंगठ्याने एकेक सरकवत, १०००, १०००, १०००, १०००, १००० आणि वर २००. आकडे मी डोळ्यांनी वाचले. १००० च लिहिलं होतं. तेवढ्यात कुठूनसा दुसरा एक जण आला आणि त्याला चेक भाषेत काहीतरी खेकसला. याने गडबडीने घडी घातली, माझ्या मुठीत कोंबली, माझ्या दोन शंभराच्या नोटा घेतल्या आणि "पोलीस, पोलीस" असं पुटपुटत निघाला. दोन्ही हातांनी मूठ मिटून देणारा माणूस! अरे, कोण देतो तसं?

तेव्हा बाबा म्हणाले, "आण इकडे, मी एकदा बघतो."

मी म्हटलं, "बाबा, इथे असं रस्त्यात नोटा मोजत उभं राहत नाहीत. चला."

हे वाक्य मला आजही रात्री ऐकू येतं. ज्या माणसाने जन्मभर स्पंजवर बोट ओलं करून बंडलं मोजली, ज्याला नुसत्या स्पर्शाने नोट कळते, त्याला मी युरोपातली रीत शिकवत होतो. बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि खिशात घातला. घडीच्या वर २०० ची नोट होती, ती खरी होती. आत काय आहे ते बघायला मला पाच सेकंद लागली असती. (त्या २०० च्या नोटेने बाथरूमचं दार उघडत नाहीच, ती गोष्ट वेगळी. आई शेवटी एका कॅफेत जाऊन आली.)

पुढचे पाच तास आम्ही त्या कागदांसकट मजेत हिंडलो. चौकातल्या सेंट बार्थोलोम्यूच्या चर्चचा मनोरा १०२ मीटरच्या वर, चेक देशातला सर्वांत उंच. बाबा तीनशे पायऱ्या चढून वर आले. चर्चच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळीवर एक छोटा देवदूत आहे, हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. लोकांनी लावून लावून तो चकाकतोय. मीही लावला.

मग ब्रुअरी. तिथली बाई सांगत होती की १८३८ मध्ये बिअर इतकी भिकार निघाली की गावाने नगरभवनापुढे ३६ पिंपं ओतून दिली. त्यातून गावकऱ्यांनी स्वतःची ब्रुअरी काढली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिली सोनेरी बिअर बनवली. खाली सुमारे नऊ किलोमीटरचे बोगदे, हुडहुडी भरेल असा गारवा आणि लाकडी पिंपातून थेट ग्लासात पडणारी, न गाळलेली बिअर. ती चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू. खराब माल ओळखून गटारात ओतणाऱ्या लोकांची गोष्ट ऐकून मी मनापासून हसलो. खिशात काय होतं ते देवालाच ठाऊक.

संध्याकाळी चौकाजवळच्या एका साध्या पबमध्ये बसलो. आईसाठी आणि माझ्यासाठी तळलेलं चीज, तिला कोफोला (तिथलं कोलासारखं पेय), मला दोन बिअर, बाबांना एक. तिथे वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि दर ग्लासामागे पेन्सिलीने एक रेघ मारतो. तीन रेघा, बिल ६८० कोरुना. मी ऐटीत १००० ची नोट चिठ्ठीवर ठेवली. पोराने ती उचललीच नाही. बोटाने टेबलावरच फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाला, "सर, हे बेलारूसचं आहे. जुनं." बाकीच्या चार काढल्या. चारही तशाच. रशियनसारखी अक्षरं, आणि माणसाऐवजी एक इमारत.

बिल कार्डावर दिलं. हो, कार्ड तिथेही चाललं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो मोजत होता तेव्हाच मला कडेला इमारत दिसली होती. प्रागच्या दुकानात सुट्ट्या नोटा बघितल्या होत्या, सगळ्यांवर माणसाचं तोंड होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत. "तू चला म्हणालास ना," एवढंच.

तेव्हा पाठ करून ठेवा. चेक १००० वर पालाट्स्की, ५०० वर बोझेना न्येम्त्सोवा, २०० वर कोमेन्स्की, १०० वर चौथा कारेल. तोंड नाही तर नोट नाही. बेलारूसने १ जुलै २०१६ ला चार शून्यं कापून नवं चलन आणलं, १०,००० जुन्याचा १ नवा. जुन्या नोटा आता कुणीच घेत नाही. आपल्या नोटाबंदीच्या चार महिने आधीची गोष्ट. त्या नोव्हेंबरात बाबा काउंटरवर रात्री दहापर्यंत बसत होते, मेलेल्या नोटा मोजत.

आता चौकीची कथा. पहिल्या चौकीत काचेमागच्या माणसाला फक्त चेक येत होतं. फोनवर भाषांतर करून दाखवलं, त्याने वाचलं आणि कागदावर दुसऱ्या चौकीचा पत्ता लिहून दिला. वीस मिनिटं चालत, आईचे गुडघे दुखत असताना. दुसऱ्या ठिकाणी एक तास चाळीस मिनिटं बाकावर. मग प्रश्न. पैसे त्याने हिसकावले का? नाही. तुम्ही स्वतः दिलेत? हो. पावती? अहो, भामटा पावती देतो का! या कोरुना आहेत असं तो तोंडाने म्हणाला का? आता हे काय उत्तर द्यायचं? मी कॅमेरा दाखवला, बंद खिडकीच्या बरोबर वर आहे. तो आमचा नाही, म्हणाले. मग कुणाचा, तर खांदे उडवले. शेवटी कळलं की नुकसान १०,००० कोरुनांच्या खाली असेल तर हा फौजदारी गुन्हाच होत नाही, नुसता किरकोळ अपराध. माझं नुकसान ४८०० चं. त्या पावाच्या पिशवीवाल्याला हा आकडा नक्की पाठ असणार.

मी म्हटलं निदान नोटा तरी ठेवून घ्या, पुरावा आहे. नको म्हणाले. या बनावट नाहीत, खऱ्याच आहेत, फक्त दुसऱ्या देशाच्या आणि रद्द झालेल्या. फोटो काढला आणि परत दिल्या. बाबांना हे फार लागलं. "आमच्याकडे खोटी नोट आली की शिक्का मारून जप्त करतात, गिऱ्हाइकाच्या हातात परत कोण देतं?" सहीसाठी चेकमध्ये लिहिलेला कागद पुढे आला. फोनने वाचला तर त्यात मी "अनोळखी व्यक्तीशी स्वेच्छेने चलन बदलले" असं होतं. स्वेच्छेने! सही केली. रात्रीचे साडेदहा झाले होते.

सहा आठवड्यांनी म्युनिकच्या पत्त्यावर पत्र आलं, तेही चेकमध्ये. माणूस सापडला नाही, प्रकरण बंद. प्रवासविम्याच्या कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर, चोरीला भरपाई आहे, फसवणुकीला नाही, पैसे तुम्ही आपल्या हाताने दिलेत. एवढं प्रत्येकाला नीट समजतं, फक्त मलाच त्या दिवशी समजलं नाही. मध्येच वाचनात आलं की चेक देशात १ एप्रिल २०१९ पासून पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो, १००० युरोपर्यंत. क्षणभर उडालोच. पण तो हक्क परवानाधारक दुकानातला, पावती हातात असेल तर. तेव्हा दुकानातच जा, पावती घ्या, आणि तीन तास ती फेकू नका.

मालकिणीचे ३९०० मी रविवारी सकाळी बँकेच्या मशीनमधून काढले, 'रूपांतर नको' दाबून. भाव लागला २५ च्या जवळ. दोन मिनिटांचं काम.

पाच बेलारूसी नोटा बाबांनी मिरजेला नेल्या. कपाटात त्यांनी आपली रद्द झालेली एक हजाराची ठेवली आहे, तिच्याच पाकिटात घातल्यात. आणि दरवर्षीच्या डायरीत त्या तारखेला नोंद आहे, बँकेतल्या त्याच तिरक्या अक्षरात: नावे २०० युरो, जमा २०० कोरुना.