डिफलॉक आधी की सस्पेन्शन आधी?

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला डिफलॉक म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. चिखलात एक चाक नुसतं गरगरायला लागलं की पायाशी असलेलं पेडल दाबायचं. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात आणि ट्रॅक्टर निघतो. बाहेर आल्यावर पाय काढायचा, नाहीतर स्टेअरिंग वळवलं तरी तो सरळच रेटत राहतो. थार, जिप्सी, गुरखा यांच्यातला लॉकर याहून वेगळं काही करत नाही. तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला गाडी लावणारे बरेचजण आधी चौकशी करतात ती दोन इंच लिफ्टची, म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी उंच करण्याची. साहजिक आहे. लिफ्ट फोटोत दिसते, लॉकर ॲक्सलच्या लोखंडी कवचाच्या, म्हणजे हाऊसिंगच्या आत बसलेला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गाडी कॉइल स्प्रिंगची असेल आणि फिरणं आपल्याच जिल्ह्यात असेल, तर आधी टायर, मग मागचा लॉकर, मग शॉकअब्सॉर्बर आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी असेल तर हा क्रम बदलतो, ते पुढे येईलच.

अडचण कुठली, ते आधी ठरवा

इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. यावर दोन वाटा आहेत. दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची, हा झाला लॉकर. किंवा चाक जमीन सोडणारच नाही इतकी सस्पेन्शनची हालचाल वाढवायची.

गगनबावडा, दाजीपूर, भुदरगडकडच्या जांभ्याच्या वाटांवर हीच चाक लटकण्याची अडचण येते. दगड पायरीसारखे उठलेले असतात, गाडी तिरकी चढते आणि मागचं एक चाक अलगद उचललं जातं. तिथे लॉकर म्हणजे नाद खुळा. पंचगंगाकाठच्या काळ्या मातीत मात्र चारही चाकं सारखीच घसरतात. टायरच्या नक्षीत माती भरली की तो गुळगुळीतच झाला म्हणायचा, आणि असे दोन टायर लॉक करून फिरवले तर दोन्ही मिळून खड्डा खोल करतात. तिथे मड टायर आणि कमी केलेली हवा जेवढं काम करते तेवढं लॉकर करत नाही. हवा कमी केलीत तर डांबरी लागल्यावर पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

तीन प्रकारचे लॉकर

पहिला प्रकार खरं तर लॉकर नव्हेच. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. जिम्नीत हीच व्यवस्था आहे, थारमध्येही आहे. वेगळा खर्च नाही, देखभाल नाही. पण चाक आधी फिरावं लागतं, कटकट आवाज येत असताना ॲक्सिलरेटर न सोडता धरून ठेवावा लागतो, आणि लांब चढावर ब्रेक तापतात. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास असल्याने तिला हे पुरतं. वजनदार गाडीत मर्यादा लवकर कळते.

दुसरा, आपोआप लागणारा यांत्रिक लॉकर. थारच्या काही व्हेरियंटना मागच्या ॲक्सलमध्ये तो कंपनीतूनच येतो, म्हणून जुनी थार घेताना हे आधी बघा. दोन चाकांच्या वेगात साधारण मिनिटाला शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खट् आवाज होतो आणि ॲक्सल बांधला जातो. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागत नाही. बटण नाही, वायर नाही, विसरण्यासारखं काही नाही. फक्त कधी लागायचं ते तो ठरवतो, तुम्ही नाही.

हे कुठे नडतं? ओल्या तांबड्या मातीच्या आडव्या उतारावर. लॉकर सुटा असताना एक मागचं चाक फिरतं आणि दुसरं गाडीची शेपटी धरून ठेवतं. बांधल्यावर दोन्ही एकदम घसरतात आणि शेपटी दरीच्या बाजूला सरकते. पावसाळ्यात राधानगरीकडच्या बांधांवरून जाणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

तिसरा प्रकार तुमच्या हातातला. गुरखाला पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉक कंपनीतूनच येतात. थार रॉक्सच्या फोर बाय फोरला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. बाहेरून बसवायचा तर हवेवर चालणारा मिळतो, पण कॉम्प्रेसर, पाइप, वायरिंग आणि फिटिंग धरून तो महाग पडतो. पैसे असतील तर हाच घ्या, मी दुसरं काही सांगणार नाही. पुढच्या लॉकसाठी मात्र जास्त पैसे घालू नका. तो लावला की स्टेअरिंग जड होतं, आणि आपल्याकडे त्याची गरज पडणाऱ्या जागा थोड्या.

डांबरीवर कुठलाही लॉक नको. वळताना टायर खरवडतात आणि ताण ॲक्सल शाफ्टवर जातो.

लिफ्टबद्दल एक गैरसमज

उसाच्या फडात जाणारी वाट बघा. ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल केलेल्या असतात आणि मधला वरंबा वाळून कडक झालेला असतो. तिथे गाडी अडते ती मागच्या हाऊसिंगच्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शिअलच्या फुगीर भागावर. स्प्रिंग दोन इंचांनी उंच केली तर बॉडी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर मोठा टायरच लागतो. लिफ्टने चढाचा कोन सुधारतो, मोठ्या टायरला जागा होते, हे खरं. पण थारसारख्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. शिवाय उंच झालेली गाडी करूळ घाटाच्या वळणांवर जास्त झुकते.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लॉकर असो वा लिफ्ट, काम करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद नको.

पाटे की कॉइल

जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपला चारही बाजूंना पाटे. सिमेंटची पोती टाका, खताची टाका, तक्रार नाही. रिकामी गाडी मात्र दगडांवर उड्या मारते, कारण कडक पाटा चाकाला खाली उतरूच देत नाही. अशा गाडीत लॉकरआधी पाट्यांवर खर्च करा. गंजलेले पाटे उतरवून साफ करा, झिजलेले बुश बदला, पाट्याचं टोक झुलतं ठेवणारे शॅकल मोकळे करा, जास्तीचा पाटा घातलेला असेल तर काढा. एवढ्यानेही फरक पडतो, आणि हे काम कोल्हापुरात कुठलाही जुना कमानपाटेवाला करून देतो.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि कॉइल आहे. एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, त्यामुळे चाकं जमिनीला धरून राहतात. तिला सस्पेन्शनवर खर्चच नको. थारचं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन डांबरीवर आणि खराब रस्त्यावर चांगलं, पण खडकात चाक लवकर उचलतं. म्हणूनच तिला मागचा लॉकर जास्त शोभतो.

शॉकअब्सॉर्बरचा विचार फक्त लांब खराब रस्त्यांवर फिरणाऱ्याने करावा. तासभर खड्डे खाल्ले की साध्या शॉकअब्सॉर्बरमधलं तेल तापून फेसाळतं आणि गाडी डुलायला लागते. नायट्रोजन भरलेला तिथे टिकतो.

लॉकर बसवलात तर एक काम लगेच करून घ्या. ॲक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या भोकाला, पाइप लावून तो वर इंजिनपाशी न्या. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की ब्रीदरमधून पाणी आत खेचतो, आणि तेल दुधाळ झालं की लॉकरच्या आधी बेअरिंग जातात.